सरळ लागलेलं पान

१

भुवई अखंड होती.

फोल्कमार कारभाऱ्यानं पान खिडकीपाशी नेलं, उजेडात तिरकं धरलं, मग नाकाजवळ आणून पाहिलं, आणि अखेर थोरल्या आईंकडे वळून म्हणाला, "आईसाहेब, हा तो चेहरा नव्हे."

लेखनघरातल्या लेखण्यांची कुरकुर थांबली.

"नीट बघा," थोरल्या आई हाझेका म्हणाल्या. "नदीकाठी बसलेल्या पाच बायका. शत्रूनं परमुलखात नेलेल्या. तेच पान आहे."

"बायका त्याच आहेत. झाडाला टांगलेल्या वीणाही त्याच. पण मधल्या बाईच्या डाव्या भुवईत फट होती. पांढरी, जवाच्या दाण्याएवढी. ईस्टरआधीच्या उपासात मी याच खिडकीत उभा राहून पाहिली. घरी जाऊन काउंटेसबाईंना सांगितलं, की तुमची आडेला हुबेहूब उतरलीय. सहा महिने त्या या एका पानाची वाट बघतायत. उद्या दुपारी त्या इथे येतील, तेव्हा मी त्यांना काय दाखवू?"

आडेला सगळ्यांनाच माहीत होती. काउंटेसनं तिला सहाव्या वर्षी शिकायला म्हणून वेझर नदीकाठच्या या मठात आणून सोडलं, चौदाव्या वर्षी कारभाऱ्याला धाडून इथून थेट सासरी पाठवलं, आणि सोळाव्या वर्षी ती बाळंतपणात गेली. तिच्या नावानं आईनं प्रार्थनागीतांचं सचित्र पुस्तक करायला सांगितलं. पुस्तक अर्ध्यावर आलं तेव्हा मागून निरोप आला, की एका तरी चित्रात माझ्या मुलीचा चेहरा असू द्या. गिस्लानं तो काढला. मठातली सगळ्यांत मोठी चितारी तीच. ते पान पुरं करून ईस्टरच्या आठवड्यात तीही छातीच्या दुखण्यानं गेली.

थोरल्या आई सावकाश वळल्या. "रिखेंझा."

कोपऱ्यातल्या चौरंगामागून एक उंच, हडकुळी बाई उठली. बोटं शेंदरानं माखलेली.

"गेल्या वर्षी गिस्लाच्या चित्राची उतरवलेली नक्कल तुझ्या बाहीत सापडली होती. ‘या चेहऱ्यासाठी मी एक हात देईन’ असंही तू सगळ्यांसमोर म्हणाली होतीस. गिस्ला गेल्यावर असं पान काढू शकणारी तू एकटीच उरलीस. नक्कल करून पुस्तकात घातलीस आणि अस्सल दडवलंस. कुठंय?"

"थोरल्या आई, मी चोरी करेन एक वेळ," रिखेंझा म्हणाली, "पण माझं काम गिस्लाताईंच्या नावावर खपवेन? एवढी नम्र मी नाही."

कुणीतरी हसू दाबलं. थोरल्या आई हसल्या नाहीत. "उद्या दुपारी लोकरीची गाडी एल्ब नदीपलीकडच्या मठात जाणार आहे. तोवर पान आलं नाही, तर तू त्या गाडीत बसशील. तिकडे पिंजायला लोकर आहे आणि वारा आहे. कुंचला नाही."

रिखेंझाचा रंग उतरला. तिला तुरुंगात टाकतो म्हणाले असते तर ती कदाचित आणखी काही बोलली असती.

"थोरल्या आई, ते पान मला द्याल?" ओडानं विचारलं.

ओडा ग्रंथपाल. या मठातलं प्रत्येक पुस्तक कोरं कातडं असल्यापासून तिच्या हातून गेलेलं. पण तीन वर्षांपासून तिच्या दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा चढला होता. दूरची माणसं आकारानं कळत, जवळचं अक्षर म्हणजे नुसतं धुकं. गिस्लानं काढलेला तो प्रसिद्ध चेहरा तिनं एकटीनंच कधी पाहिला नव्हता.

"तू काय बघणार?" थोरल्या आई म्हणाल्या, पण जुडी तिच्यापुढे ठेवली. पुस्तक अजून बांधलेलं नव्हतं. आठ-आठ पानांच्या जुड्या सुट्याच होत्या.

ओडानं डोळे मिटले. ते तिला आता सोयीचं पडे. डावा तळवा डाव्या पानाच्या समासावर, उजवा उजव्या. एक पान उलटलं, दुसरं उलटलं. नदीकाठच्या बायकांशी ती थांबली. पुन्हा मागे गेली, पुन्हा पुढे आली.

"काय झालं?"

"काही नाही," ओडा म्हणाली.

आणि घोटाळा तोच होता. तिथं काहीतरी व्हायला हवं होतं.

२

रिखेंझाला सफरचंदांच्या कोठीत बसवलं होतं. ओडा जुडी फडक्यात गुंडाळून आत आली, तेव्हा ती एक फळ खात होती.

"चोरीचा आळ आलाच आहे, तर म्हटलं एक खरीही करून घ्यावी," ती म्हणाली. "ताई, मी नाही केलं हे."

"तेच बघायला आलेय. कातड्याला बाजू किती?"

"हे काय विचारणं झालं? दोन. एक केसांची, एक मांसाची."

"हाताला कशा लागतात?"

"केसांची जरा खरखरीत, पिवळसर. मांसाची गुळगुळीत, पांढरी."

"म्हणून जुडी जुळवताना आपण केसांच्या बाजूसमोर केसांची ठेवतो आणि मांसाच्या समोर मांसाची. पुस्तक कुठेही उघड, दोन्ही पानं सारखी. हे तुला ठाऊक नसेल, तुम्हा चिताऱ्यांना पानं आयती मिळतात. आता ऐक. हे चित्र गिस्लानं दोनदा काढलंय. पहिलं साध्या चेहऱ्याचं. मग काउंटेसचा निरोप आला, म्हणून ते कापून काढलं आणि उपासात तिनं दुसरं केलं. ते मात्र उलट्या बाजूवर! चेहऱ्याला पांढरीच बाजू हवी म्हणाली. समोरचं पान केसांचं. मी भांडले तिच्याशी. अठ्ठावीस वर्षांत माझ्या हातून अशी विजोड जुडी गेली नव्हती. पण ती खोकत होती. मी गप्प बसले."

"मग?"

"मग त्या जागी आले की माझी बोटं अडखळायची. दर वेळी. आज अडखळली नाहीत. दोन्ही हातांखाली सारखं लागलं. चूक नाहीशी झालीय."

रिखेंझानं फळ खाली ठेवलं. "चूक चोरीला गेल्याची तक्रार मी पहिल्यांदाच ऐकतेय, ताई."

"आणखी आहे. रेघा आखण्याआधी मी चारही कातडी एकावर एक ठेवून समासात आरीनं भोकं पाडते. या जुडीत पाचव्या भोकाला आरी निसटली. तू मठात यायच्याही आधीची गोष्ट. बघ, पाचवं भोक बाहेर गेलंय. सगळ्या पानांवर. या पानावरही."

"आणि दुसऱ्यावर?"

"ते मी एकटंच टोचलं होतं. सरळ."

रिखेंझानं पान दारातल्या उन्हात धरलं. मग हळूच म्हणाली, "गिस्लाताई डाव्या हातानं काढायच्या. नदीच्या रेघा बघा. म्हणजे... माफ करा. मी सांगते. रेघ उजवीकडे जाड सुरू होते आणि डावीकडे बारीक होत जाते. माझ्या हातानं ती उलटी येते. ही नक्कल नाहीच. हे त्यांचंच आहे."

"निळा कसा आहे?" ओडानं विचारलं. तपासाशी त्या प्रश्नाचा संबंध नव्हता.

"खोल. पहाटेच्या आधी आभाळ होतं ना, तसा. तुम्ही बघितलाय तो, ताई."

"बघितलाय." निळ्याचा राखाडी झाला तो दिवसही ओडाला आठवत होता. "म्हणजे कुणी नक्कल केलेली नाही. काढून टाकलेलं पहिलं पान परत जागेवर चिकटवलं आणि चेहऱ्याचं पान उचललं. नकलेचा आळ गेला तुझा."

"सुटले तर मग!"

"कुठली? पान बदलायला कुंचला लागत नाही. ते तूही करू शकली असतीस." ओडा उठली. "सहा महिने ते पहिलं पान कुणाकडे होतं, ते कळलं पाहिजे."

३

मठात बिघडलेल्या पानाचा शेवट ठरलेला होता. मधाच्या बरण्यांची तोंडं बांधायला ते मुदपाकखान्यात वेंडेलाकडे जाई.

वेंडेला कोठारीण. आवाजानं आणि देहानंही मठात सगळ्यांत मोठी. ती सलगम चिरत होती.

"ये गं, ओडा. पायरी आहे, जपून. त्या पोरीला पाठवतायत म्हणे एल्बपार? तिकडे पोचेपर्यंत तिच्या जिभेनं गाडीवान पळून जाईल." सुरी थांबली. "ती चोर नाही. तोंडाळ बाई काही लपवून ठेवू शकत नाही. माझंच बघ ना."

"जुड्या ठेवलेल्या पेटीची किल्ली तुझ्याकडे असते."

"दारामागच्या खिळ्याला असते! साऱ्या मठाला ठाऊक आहे. मीच घेतलं म्हणतेस?" तिचा आवाज एकदम चिरकला. "घेतलंही असतं. आठ वर्षं माझ्या हातची खीर खाल्लीय आडेलानं. जाताना रडली नाही, पण माझ्या ओच्याला धरून राहिली. कारभाऱ्यानं बोटं सोडवली एकेक करून. पण बाई गं, तो चेहरा बघायला गेले उपासात, आणि मला बघवेना. फिरून गेले नाही. घेऊन काय करू?"

ओडानं चाचपडत तिचा खांदा शोधला. थोड्या वेळानं विचारलं, "नदीकाठच्या बायकांचं जुनं पान उपासानंतर तुझ्याकडे आलं होतं?"

"छे. माझ्याकडे येतात ते कोरे तुकडे. देवाची अक्षरं बरणीवर कशी चालतील? आधी टेक्ला सगळं खरवडते, मग देते. यंदा तिनं काही दिलंच नाही. दोनदा मागितलं. ‘वेळ नाही’ म्हणाली." वेंडेलानं सलगम पातेल्यात लोटले. "तिलाही आता म्हातारपण आलं हो. परवापासून प्रार्थनेला हातात पुस्तक घेऊन उभी असते. टेक्ला! जिला सगळी गीतं झोपेतून उठवून विचार, ती! आणि तरी काल एक कडवं चुकली. मी बाजूलाच होते. डोळे पुस्तकात, आणि तोंड बंद."

ओडा उठताना पातेल्याला अडखळली. वेंडेलाला वाटलं, दिसलं नाही म्हणून.

४

टेक्लाचं मेज उत्तरेच्या खिडकीत होतं. पुस्तकातली सगळी अक्षरं तिची. ती आणि ओडा एकाच वर्षी मठात आल्या होत्या. अठ्ठावीस वर्षांत टेक्लानं तिला कधी मिठी मारली नव्हती, आणि ओडा आजारी असताना अकरा रात्री उशाशी बसून काढल्या होत्या.

"बस," टेक्ला म्हणाली.

"गिस्लाचं पहिलं पान तुझ्याकडे आलं होतं."

"आलं होतं. खरवडलं."

"कधी?"

"ईस्टरनंतर. मुलींना गिरवायला तुकडे केले."

"वेंडेला म्हणते, तिला यंदा काही मिळालं नाही."

"वेंडेलाला जे मिळत नाही त्याची ती नीट आठवण ठेवते." टेक्लाचा आवाज कोरडा होता. "तू मला विचारतेयस, ओडा?"

"सगळ्यांना विचारतेय. रिखेंझा उद्या गाडीत बसेल."

खिडकीबाहेर कुणीतरी अक्रोड झोडपत होतं.

"हल्ली काय लिहितेस?"

"काही नाही. पुस्तक संपलं. मारियेच्या सणापासून लेखणी हातात धरली नाही."

मारियेचा सण होऊन सहा आठवडे झाले होते. ओडानं मान हलवली आणि ती परत सफरचंदांच्या कोठीत आली.

"अक्षरं बघ," ती रिखेंझाला म्हणाली.

"मी? ताई, अक्षरं म्हणजे माझ्या लेखी चित्राभोवतीचं कुंपण. आणि माझं स्वतःचं अक्षर तर कोंबड्या चालल्यासारखं."

"वाचू नकोस. रंग बघ. सगळं सारखं काळं आहे का?"

रिखेंझानं पान उजेडात धरलं, बोट न टेकवता ओळीमागून ओळ खाली आली. पाचव्या ओळीशी ती थांबली.

"हा एक शब्द तपकिरी आहे. पातळ बिअरसारखा. बाकीचं सगळं कावळ्याच्या पंखासारखं."

"माझं बोट ठेव त्यावर. शब्दाच्या खाली, शाईवर नको."

तिथलं कातडं किंचित फुललेलं होतं. सुरीनं खरवडून पुन्हा घोटलेलं.

मठाची शाई मायफळाची आणि लोखंडाच्या क्षाराची. लिहिताना ती फिकी उतरते, मग हवा खात खात काळी होते. असल्या ओल्या शरदात पुरतं काळं व्हायला चार-पाच दिवस लागतात. हे लेखनघरात झाडू मारणारीलाही ठाऊक असतं.

"परवाचा शब्द," ओडा म्हणाली. तिला एकदम खूप थकल्यासारखं वाटलं.

"म्हणजे कोण, ते कळलं तुम्हाला?"

ओडानं जुडी फडक्यात गुंडाळली. कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात आलं. आणि लगेच त्याची लाज वाटली, कारण समोर ही पोर शेंदरी बोटं एकमेकांत गुंतवून उभी होती.

५

दुपारची प्रार्थना संपली. बायका रांगेनं बाहेर पडल्या. टेक्ला आपल्या जागी तशीच बसून होती. ओडा बाकांना हात लावत लावत तिच्यापर्यंत आली आणि शेजारी टेकली.

"पहिल्या पानात तुझ्या हातून एक शब्द सुटला होता," ती म्हणाली. "हिवाळ्यात लिहिलंस, बोटं गारठली असतील. सुधारायचं राहिलं, कारण ते पानच काढून टाकलं. परवा तू ते परत पुस्तकात लावलंस. कडेला कापताना ठेवलेल्या पट्टीवर नेमकं बसलं, कारण ते तिथूनच कापलेलं. कुणालाही काही कळलं नसतं. पण सुटलेला शब्द तुला खपला नाही. खरवडून, जागा करून लिहिलास. तो अजून काळा झालेला नाही."

टेक्लानं मांडीवरचं पुस्तक जवळ ओढलं.

"रिखेंझाला तुझं अक्षर येत नाही. वेंडेलाला लिहिताच येत नाही. आणि खरवडायला दिलेली पानं तुझ्याच मेजाखाली असतात. चोरी करताना हात कापला नाही, टेक्ला. एक शब्द कमी असलेलं पान जगात जातंय म्हणून कापला."

"शब्द त्याचा असतो," टेक्ला म्हणाली. "माझा नाही. तो गाळून कसा चालेल?"

"आता पुस्तक दे. सुटं पान या हवेत वळून जातं. तुझ्यासारखी बाई त्याला दाबून ठेवल्याशिवाय राहणार नाही. आणि वीस वर्षांत प्रार्थनेला कधी पुस्तक न आणलेली बाई परवापासून पुस्तक आणतेय."

टेक्लानं मांडीवरचं पुस्तक उघडलं. ओडानं हात पुढे केला. बोटांखाली गुळगुळीत कातडं आलं. समासातली भोकं सरळ रेषेत होती, पाचवंसुद्धा. चेहऱ्याकडे तिनं हात नेला नाही.

"नववं वर्ष होतं तिचं," टेक्ला म्हणाली. "पहिली ओळ एकही डाग न पाडता लिहिली आणि दाखवायला धावत आली. माझ्या मेजाचा कोपरा भुवईत लागला. मी आधी तिच्या हातातलं पान उचललं, ओडा. रक्त पडू नये म्हणून. मग तिला." ती थांबली. "तिची आई आठ वर्षांत तीनदा आली. शेवटची आली तेव्हा पोर सात वर्षांची. ती खूण आईनं कधी पाहिलेलीच नाही. मी म्हटलं, साधा चेहरा पाहूनही तिला आपलीच मुलगी दिसेल. कारभारी सांगून बसला असेल हे डोक्यातही आलं नाही."

"आणि रिखेंझा?"

"सकाळपासून उठायचं ठरवतेय. पाय उठत नव्हते." ती उठली. उंच बाई, पाठ अजून ताठ. "तू धरून नेऊ नकोस मला. मी जाते."

"मी धरून कशी नेणार? मलाच धरायला कुणीतरी लागतं."

टेक्लानं तिच्यापुढे कोपर केलं. दोघी तशाच थोरल्या आईंच्या दारापर्यंत गेल्या.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी काउंटेस आली. पान आपल्या जागी लागलं होतं, विजोड, गिस्लाला हवं होतं तसं. काउंटेस त्याच्यासमोर इतका वेळ बसली, की थोरल्या आईंनी सगळ्यांना हळूच बाहेर काढलं.

गाडी अंगणात लोकरीनं भरून उभी होती. गाडीत जागा एकीचीच होती, आणि तिच्यात आता टेक्ला बसायची होती. थोरल्या आईंनी शिक्षा बदलली नाही, फक्त माणूस बदललं. रिखेंझाला कोठीतून सोडल्याबरोबर ती आधी आपल्या चौरंगाशी गेली आणि तिनं सगळे कुंचले मोजले. मग अंगणात येऊन बराच वेळ एका जागी उभी राहिली. तिला रागावायचं होतं. टेक्लाचं छोटंसं गाठोडं पाहून तेही तिला नीट जमेना.

"टेक्लाताई," ती शेवटी म्हणाली, "पुस्तक संध्याकाळपर्यंत इथे आहे. थोरल्या आई हो म्हणाल्या तर मी तो चेहरा तुकड्यावर उतरवून देते. मागाहून पाठवेन. नक्कल करण्यात मी बदनाम आहेच."

"नको," टेक्ला म्हणाली.

"फुकट देतेय हो."

"त्यासाठी नाही, पोरी." टेक्लाचे शब्द नेहमीसारखे मोजके निघेनात. "दोन दिवस मी तो चेहरा बघितला. प्रार्थना सोडून बघितला. आणि आता डोळे मिटले की गिस्लाचं चित्रच दिसतं. ती भुवई, तो निळा पदर. आडेला दिसत नाही. पाच वर्षं रोज दिसायची. मी... मी ती पुसून टाकली बघून बघून."

गाडीवानानं बैल जुंपले. टेक्ला चढून लोकरीच्या गाठोड्यांमध्ये बसली. ओडा गाडीची कड धरून उभी होती.

"ओडा," टेक्ला खाली वाकून म्हणाली. "तू ते चित्र बघितलंच नाहीस ना?"

"नाही. दिसलंच नाही."

"आणि आडेला इथून गेली तेव्हा तुझे डोळे चांगले होते."

"सुईत दोरा ओवत होते."

"मग तुला ती अजून दिसते."

"दिसते," ओडा म्हणाली. "धुक्याच्या आत फारच थोडी माणसं दिसतात आता मला. ती दिसते."

"सांग."

गाडी हलली. ओडानं कड सोडली नाही. ती गाडीबरोबर चालू लागली, आणि रिखेंझानं धावत येऊन तिची दुसरी बाजू धरली, कारण पुढे दगड होते.

"कान जरा पुढे आलेले," ओडा म्हणाली. "डावा जास्त. थंडीत लाल व्हायचे, आणि ती टोपी घालायची नाही. केस पिंगट, कपाळावर भोवरा. तू दर सकाळी पाणी लावून बसवायचीस, आणि सूर्य वर आला की तो उभा."

"हो," टेक्ला म्हणाली. तिनं डोळे मिटले होते. "आणि दात?"

"पुढचे दोन एकमेकांपासून फटकून. त्यातून शीळ घालायची. तू रागवायचीस."

"फार रागवायचे."

"मग ती तुझ्याकडे पाठ करून घालायची. खांदे हलायचे तिचे. नाक टोकदार, आणि लिहिताना..."

"लिहिताना काय?"

"थांब, सांगते. लिहिताना श्वास धरून ठेवायची. ओळ संपेपर्यंत. गाल फुगलेले, चेहरा लालबुंद. आणि शेवटचं अक्षर झालं की हुश्श करून तुझ्याकडे बघायची. आधी तुझ्याकडे, ओडा सांगतेय ते ऐक, आधी तुझ्याकडे, मग पानाकडे."

टेक्लानं मिटल्या डोळ्यांनी हात खाली सोडला आणि ओडाचा हात शोधून घट्ट धरला. अठ्ठावीस वर्षांत ओडा मठाच्या फाटकाबाहेर पडली नव्हती. ते केव्हा मागे पडलं, हे दोघींपैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही. रिखेंझाच्या आलं, पण ती पहिल्यांदाच गप्प राहिली.

"आणखी," टेक्ला म्हणाली.